बहमन महिन्यातली अटक

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. कोणता माणूस कोणत्या प्रकरणातला, ते सांगता येत नाही. हा तपास मात्र सुटा राहिला. त्यात मी एका म्हातारीला खोटे पाडायला निघालो होतो आणि ते मला जमेल याची खात्रीही होती.

तेव्हा मी गंगाखेड भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून टपाल पाहत असताना एका सरकारी कार्यालयाची लेखी फिर्याद समोर आली. गोदाकाठच्या एका गावातील स्वातंत्र्यसैनिकाची विधवा बनावट कागदाच्या आधारे सन्मान निवृत्तिवेतन घेत असल्याचा आरोप होता. सोबत एका निनावी अर्जाची प्रत होती. सगळे प्रकरण त्या अर्जापासून सुरू झाले होते.

वस्तुस्थिती अशी होती. नवरा हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाका, म्हणजे निजामाचा जकात नाका, जाळल्याबद्दल तुरुंगात गेला होता. त्याला निवृत्तिवेतन मिळाले, त्याच्या मृत्यूनंतर ते पत्नीकडे आले. निनावी अर्जानंतर फेरचौकशी झाली. आधार एकच होता : तुरुंगाच्या हुकुमाची उर्दू नक्कल. तिच्यावर नाव, बापाचे नाव, गाव, गुन्हा, महिना बहमन आणि पुढे सालाचे चार आकडे होते. वयाचा उल्लेख नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी हिजरी सालाचे इसवी साल काढले, ते मुक्तिसंग्रामाच्या नऊ-दहा वर्षे आधीचे निघाले. त्या साली नवऱ्याचे वय नऊ होते. नऊ वर्षांचे पोर नाका जाळणार कसे? कागद बनावट, निवृत्तिवेतन बंद. त्या सालीही संस्थानात सत्याग्रह झाला होता, त्यामुळे साल कोणालाच खटकले नाही. मलाही नाही.

बाई गप्प बसली नव्हती. तिने औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल केली होती. पोलीस तपासाचा अहवाल पुढच्या तारखेपूर्वी सादर करा, असा आदेश आम्हाला आला. अहवाल विरोधात गेला असता तर निवृत्तिवेतन कायमचे गेलेच असते, शिवाय सत्तरी ओलांडलेल्या बाईवर फसवणुकीचे दोषारोपपत्र गेले असते.

वयस्क स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. तसा निरोप हवालदारांमार्फत पाठवला. उत्तर आले, "तुमची गाडी दाराशी लागली तर गाव म्हणंल, म्हातारीला धरायला आले. मीच येते येष्टीनं."

ती आली. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. खुर्ची दिली तर आधी पदराने पुसून घेतली.

"हा कागद कुणी करून दिला, मावशी?" मी विचारले.

"सरकारनं."

"कोणत्या सरकारनं?"

"निजामाच्या. त्यांनीच धरलं, त्यांनीच लिवलं. आता तुमी म्हंता खोटं, तर बोलवा निजामाला आन् इचारा."

हवालदार खाली मान घालून हसले. मी त्यांच्याकडे पाहिले, तसे ते लिहू लागले.

"अटक तुम्हाला कशी माहीत? नवऱ्यानं सांगितली?"

"सांगायला कशाला पायजे? मी बघितलं. मालक माझ्या आत्याचे लेक. लपून आमच्या वावरात ऱ्हायले होते. हुरड्याचे दिवस. आगटीपाशी बसले होते तवा पोलीस आले. एकानं आगटी लाथेनं इस्कटली. माझ्या वाटचा हुरडा मातीत गेला म्हणून मी रडायले, तर माय म्हणली, गप, तुला हुरड्याचं पडलंय, हितं पोरगं चाललंय."

तपशील जिवंत होता. पण खोटे बोलणाऱ्याकडेही तपशील असतात, म्हणून मी तोच प्रसंग शेवटाकडून विचारला. मग मधूनच विचारला. उत्तर बदलले नाही. तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. तिच्या ओळखीच्या कागदांवरून तिचे जन्मसाल मी काढून ठेवले होते.

"मावशी, या हुकुमावरच्या साली तुमचा जन्मही झालेला नव्हता. तुम्ही काय बघितलं?"

तिने कागदांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मग सायब, तुमचं साल चुकलंय. माझे डोळे न्हाई चुकले."

"साल सरकारी कागदावर आहे."

"असंल. दरसाल मी जित्ती हाय म्हणून सरकारला कागद देते, ते झालं. आता मेलेला माणूस खरा व्हता म्हणून पण मीच कागद द्यायचा का? कामून?"

जबाब वाचून दाखवला. हवालदारांनी शाईचा पॅड पुढे सरकवला, तेव्हा ती उठून उभी राहिली. "अंगठा न्हाई. मालकानं मला सही शिकवली हाय." तिने सही केली. तिला बराच वेळ लागला, पण एकही अक्षर सुटले नाही.

ती गेल्यावर मी स्टेशन डायरीत नोंद केली : विधाने कागदपत्रांशी विसंगत. माझ्या मते प्रकरण संपले होते. एकच गाठ मारायची राहिली होती. हुरडा थंडीत येतो. हिजरी महिने ऋतूंशी बांधलेले नसतात, दरवर्षी मागे सरकतात. त्या साली बहमन उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात आला असेल, तर तिचा हुरडाही खोटा ठरणार होता. हे लेखी घ्यावे म्हणून मी परभणीला एका निवृत्त पेशकारांकडे गेलो. निजामाच्या काळात ते उमेदीच्या वयात कचेरीत लागले होते आणि उर्दू दफ्तर वाचणारे आता तेच उरले होते.

त्यांनी नक्कल डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब धरली.

"साहब, हिजरी कोण बोल्लं तुमाला?"

"उर्दू कागद आहे. हिजरीच असणार."

ते हसले. आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "सुनती क्या? फौजदार साहब हमको हिजरी सिखाने आये!" मग बोटांच्या पेरांवर मोजू लागले. "मोहरम, सफर, रबिउल अव्वल..." बारा महिने झाले. "यात बहमन कुठं हाय? दाखवा."

मी नक्कल माझ्याकडे ओढून पुन्हा पाहिली.

"उर्दूत लिवलं की तुमच्या लोकांना सगळं हिजरीच दिसतं. निजामाची कचेरी फसलीवर चालायची, साहब. आजूर, दै, बहमन. बहमन म्हंजे तुमचा डिसेंबर. लय थंडी. आमी कचेरीत हात चोळत बसायचो."

फसली साल ऋतूंशी बांधलेले असते आणि त्याच आकड्याच्या हिजरी सालापेक्षा नऊ-दहा वर्षे उशिरा येते; ते धरून त्यांनी माझ्यासमोर हिशेब केला. अटक बरोबर मुक्तिसंग्रामाच्या ऐन भरात येत होती. नवरा एकोणिसाच्या आतबाहेर, ती आठ वर्षांची पोर, आणि शेतात हुरडा.

एका वृद्धाच्या तोंडी माहितीवर अहवाल उभा राहत नाही. मी अभिलेख कक्षातून त्याच काळातले जमिनीचे उर्दू दस्त काढायला लावले. त्यांवर तेच महिने होते आणि सालापुढे 'फसली' असे स्पष्ट लिहिलेले होते. साक्षांकित प्रती घेतल्या, पेशकारांचा जबाब नोंदवला. निवृत्तिवेतन पहिल्यांदा मंजूर करणारे अधिकारी संस्थानी कारभारात मुरलेले होते, म्हणून तेव्हा ही चूक झाली नव्हती. ती पिढी गेली आणि तिच्याबरोबर हे ज्ञानही कचेरीतून गेले.

निनावी अर्जदारही सापडला. त्याने अर्जात उर्दू नकलेचा पान क्रमांक दिला होता. निनावी लिहिणाऱ्याला आपल्याला किती ठाऊक आहे हे दाखवल्याशिवाय राहवत नाही, आणि तो तिथेच सापडतो. माहितीच्या अधिकारात ती फाईल एकाच माणसाने पाहिली होती. तो त्याच गावचा होता. त्याच्या वडिलांसाठी सहकारी सैनिक म्हणून प्रमाणपत्र द्यायला या बाईच्या नवऱ्याने नकार दिला होता. वडील कधी तुरुंगात गेलेच नव्हते.

"मी काय खोटं लिवलं, सायब?" तो म्हणाला. "चौकशी करा म्हणलो. साल त्यांनी काढलं."

यात कायद्याने मला फारसे काही करता आले नाही. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा 'क' समरी अहवाल मी पाठवला आणि खंडपीठात स्वतः हजर राहिलो. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना एवढेच विचारले की, बहमन महिना हिजरी वर्षात कोणत्या ठिकाणी येतो. वकिलांनी फाईल चाळली. पुन्हा चाळली. निवृत्तिवेतन बंद केले त्या दिवसापासून पुन्हा सुरू करण्याचा आदेश झाला.

बाहेर तिच्या वकिलांनी तिला सांगितले, "आजी, जिंकलात. सगळी थकबाकी मिळणार."

"ते ऱ्हाऊ द्या. मालकाला खोटं म्हणलेलं खोडलं का?"

"खोडलं."

"कुठं लिवलंय, दाखवा."

आदेशाची प्रत हाती आली, तेव्हा वकिलांना त्या ओळीवर बोट ठेवावे लागले. तिने ती दोनदा वाचवून घेतली. मग माझ्याकडे वळली. "सायब, तुमी लय छळलं मला. पण साल तुमीच हुडकलं." इतके बोलून ती बसस्थानकाकडे निघाली. पायातल्या दुखण्याने ती एका बाजूला झुकून चालायची, त्या दिवशी तिला गाठायला तिच्या वकिलांना भराभर पावले टाकावी लागली.

ती घरी जाऊन बसली नाही, हे मला पुढे कळले. काही महिन्यांनी चुडाव्याकडची एक बाई ठाण्यात आली. तिचेही निवृत्तिवेतन असेच बंद झाले होते आणि आमचे ठाणे तिच्या हद्दीचे नव्हते. तिने आदेशाची झेरॉक्स टेबलावर ठेवली, शेजारी स्वतःचा उर्दू कागद.

"गंगाखेडकडची एक म्हातारी गावात आली व्हती. म्हणली, साल बघू नका, आधी म्हैना बघा. ह्या फौजदाराला कळतंय त्यातलं."

मी कागद जवळ घेतला. तोपर्यंत पेशकारांनी मला फसलीचे बारा महिने उर्दूत ओळखायला शिकवले होते. महिना खुरदाद होता, म्हणजे सालही फसलीच. मी तिला पेशकारांचा पत्ता लिहून दिला आणि तिच्या हद्दीतल्या ठाण्याला फोन लावला. तिचाही निकाल तिच्या बाजूने लागला, तिच्यानंतर आलेल्या आणखी काहींचाही.

कागद खोटे बोलत नाहीत, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले जाते. या प्रकरणानंतर मी हाताखालच्या अधिकाऱ्यांना त्यात एक भर घालून सांगत असे : माणसाचा जबाब आणि कागद जुळत नसतील, तर माणसाची उलटतपासणी घेता तशी कागदाचीही घ्या. आणि म्हाताऱ्या माणसाने तुमचे साल चुकले असे सांगितले, तर चिडायच्या आधी पेन उचला.