सिल्वासाला निघालो तो दिवस

माझे मोठे दीर कोणतीही गोष्ट एकदाच सांगत. त्या वर्षी होळी झाली आणि त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं, की कारखाना सिल्वासाला हलवायचा. भिवंडीजवळच्या कोन गावी घरामागेच आमचा लहानसा कारखाना होता, बारा यंत्रमागांचा. वीज जाऊन येऊन असायची, कामगार लग्नाला म्हणून गावी गेले की महिनोन्महिने परतत नव्हते, आणि राज्याच्या सीमेपलीकडे टॅक्स माफ आहे असं भिवंडीत जो तो बोलत होता. दिरांनी कुणाकडून तरी तिकडच्या एका शेडचा पत्ता मिळवला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जाऊन बघून ये. हिला पन ने. घर हिलाच मांडायचं हाय."

मला विचारलं नव्हतं, पण निदान न्यायला सांगितलं होतं. त्याचंही तेव्हा बरं वाटलं.

आमच्याकडे जुनी मोटारसायकल होती, माझ्या नवऱ्याने एका कापड दलालाकडून घेतलेली. तिच्यावर आम्ही ठाणे-कल्याणच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. निघायच्या आदल्या रात्री शिफ्टचा माणूस आलाच नाही, म्हणून हे स्वतः मागांवर उभे राहिले. पहाटे आत आले, तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला आणि म्हणाले, "चल." डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "अहो, उद्या जाऊ." तर म्हणाले, "उद्या पन असाच असनार मी."

भिवंडी गाव झोपेत होतं, पण कारखान्यांची खडखड चालू होती. वाडा रोडला लागलो तशी ती मागे पडली आणि कानांना चुकल्यासारखं झालं. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, पदर कमरेला खोचलेला, एक हात यांच्या खांद्यावर आणि दुसरा मागच्या कडीला. खदानीचे डंपर गेले की सगळा रस्ता पांढरा व्हायचा. वाड्याला पोचेपर्यंत माझा डावा पाय बधिर झाला होता. मनोरला हायवेला लागलो. तिथे एका टपरीवर यांनी बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि हातातला चहा पँटवर सांडला. मी उठले. रुमाल ओला करून दिला.

तलासरीच्या पुढे ट्रकची रांग लागली. पुढे नाका, तिथे कागद तपासून एकेक गाडी सोडत होते. रांग कुठे संपते ते दिसतच नव्हतं. मोटारसायकलला काय, कडेकडेने निघून गेलो असतो. पण ऊन चढलं होतं, इंजिन तापून वास मारायला लागलं होतं. यांनी एका ट्रकच्या सावलीत गाडी लावली आणि चाकाला टेकून खालीच बसले.

वरून आवाज आला, "बाय, पानी हाय का तुमच्याकडं?"

ट्रकच्या केबिनमध्ये एक बाई होती. पन्नाशीची असेल. खिडकीवर डोकं टेकवलेलं, डोक्यावरची ओढणी घामाने चिकटलेली. मी बाटली वर धरली. तिचा हात माझ्या हाताला लागला तो तव्यासारखा गरम. पाणी पिऊन तिने आमच्या गाडीचा नंबर बघितला आणि विचारलं, "ठान्याचे?"

"कोनचे," मी म्हटलं.

"अगो, मी भिवंडीची!" तिचा चेहरा एवढा उजळला, की जणू माझी तिची जुनी ओळख होती.

मागे ट्रकमध्ये सुटे केलेले माग दोऱ्यांनी करकचून बांधले होते. त्यांच्यावर उलटी ठेवलेली खाट, कपाट, भांड्यांची पोती आणि पत्र्याच्या डब्यातला मोगरा. ते लोक सगळं घेऊन सिल्वासालाच निघाले होते. आदल्या दुपारपासून रांगेत होते आणि रात्रीपासून तिला ताप होता. तिचा नवरा पुढे नाक्यावर जाऊन आला, किडकिडीत, दाढी पांढरी झालेला माणूस. तो यांना म्हणाला, "काय करू सांगा भाऊ. ट्रक सोडून जाता येत न्हाय आनि हिला चालवत न्हाय."

यांनी डोळे चोळले आणि उठले. तलासरीला दवाखाना होता, मागे वळून जावं लागणार होतं. तिला पाठीमागे कुणीतरी धरायला हवं होतं. मग यांच्या मागे ती आणि तिच्या मागे तिचा नवरा असे तिघे मोटारसायकलवर बसले. मी सामानावर लक्ष ठेवायला राहिले.

"तू वर बस, सावलीत," हे म्हणाले. "आमी आलोच."

ती बाई बसता बसता मागे वळून म्हणाली, "माझा पानाचा डबा सीटवर हाय. नीट बग."

मी केबिनमध्ये चढले. ड्रायव्हर तरुण होता, गमछ्याने वारा घेत होता. त्याने मला विचारलं, "भाभी, आप लोग भी शिफ्ट हो रहे हो?" मी म्हटलं, "देखने जा रहे हैं।" तो म्हणाला, "देखके क्या होगा। सब जा रहे हैं।" आणि डोकं मागे टेकून त्याने डोळे मिटले.

मीही तो डबा मांडीवर घेऊन बसले. सीट भाजत होती. मागून माग एकमेकांना घासल्याचा आवाज येई, वारा आला की भांडी वाजत. लग्न झाल्यापासून मी असं काहीही न करता कधी बसले नव्हते. काही वेळाने माझा डोळा लागला.

जाग आली ती ट्रकच्या हिसक्याने. रांग सरकत होती, थोडीथोडकी नाही, भराभर. मी घाबरले. "अरे रुको! वो लोग आए नहीं अभी!"

"भाभी, कैसे रुकूँ? पीछे पूरी लाइन है। नंबर गया तो कल शाम तक यहीं।"

मागचे हॉर्न वाजवत होते. मी खिडकीतून मागे बघितलं, धूर आणि ट्रकच ट्रक. उतरावं तर हा ट्रक निघून जाणार आणि त्या माणसांचा सगळा संसार कुणाच्या भरवशावर सोडायचा? मी बसून राहिले.

नाक्यावर खाकी कपड्यातल्या एका माणसाने ड्रायव्हरकडून कागद घेतले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "ह्या कोण?"

ड्रायव्हर माझ्याआधी बोलला, "सेठानी है।"

तो माणूस मराठी होता. घामाने निथळत होता, दमला होता माझ्यासारखाच. "कुठे, सिल्वासाला का बाई?"

"हो."

"कायमच्या?"

खरं सांगायचं तर किती सांगावं लागलं असतं! ती बाई, तिचा ताप, माझा नवरा, आमचे दीर. माझ्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "हो. कायमच्या."

त्याने शिक्का मारला. ट्रक पुढे गेला.

पलीकडे काही वेगळं नव्हतं. तीच ताडाची झाडं, तशाच टपऱ्या, फक्त पाट्यांवरची अक्षरं गुजराती झाली. ड्रायव्हरने एका ढाब्याजवळ कडेला ट्रक लावला. आता वाट बघायची. पण मला मात्र रडू यायला लागलं. भीतीने नव्हे. कायमच्या, असं मी तोंडाने म्हटलं होतं, आणि तो शब्द मलाच ऐकू येत राहिला. इथे सकाळी उठून मी कुणाशी बोलणार, बाजार कुठल्या भाषेत करणार, माझी आई आजारी पडली तर किती गाड्या बदलून पोचणार, हे सगळं तोवर माझ्या मनातच आलं नव्हतं. ढाब्यावरच्या म्हाताऱ्याने न विचारता चहा आणून दिला आणि गुजरातीत काहीतरी समजुतीचं बोलला.

ते तिघे आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. डॉक्टर जेवायला गेला होता, मग सलाइन लावलं, त्यात दुपार गेली. यांचा चेहरा धुळीने ओळखू येत नव्हता. "तू हाय कुठं?" एवढंच म्हणाले आणि माझ्याजवळ फतकल मारून बसले. "एकेक ट्रकात वाकून वाकून बघत आलो."

त्या बाईचा ताप उतरला होता. तिने डबा उघडून मला पान लावून दिलं, यांनाही दिलं. माझा हात धरून म्हणाली, "तुमी पन या वो हिकडं. आपल्या बोलीतलं एक मानूस तरी शेजारी होईल." मला तिचं मन मोडवेना आणि हो म्हणायचंही धाडस होईना. मी म्हटलं, "बघू." तिला ते कळलं असावं. तिने हात सोडला आणि नवऱ्याच्या आधाराने केबिनमध्ये चढली.

ट्रक गेल्यावर हे म्हणाले, "शेड बगायची तर आता निघायला पायजे."

मी म्हटलं, "अहो, मी तिथे राहणार नाही."

लग्नानंतर मी यांना इतकं सरळ कधी बोलले नव्हते. यांनी पानाची पिंक टाकली, तोंड पुसलं. मला वाटलं, आता चिडतील. पण म्हणाले, "माजं पन मन न्हाय. पन दादाला सांगनार कोन?"

"मी सांगते."

"नको. मीच सांगतो."

शेड न बघताच आम्ही परत फिरलो. वाड्याच्या अलीकडे अंधार पडला. यांना झोप येऊ नये म्हणून मी मागून सारखी बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक माहेरच्या विहिरीच्या, म्हशींच्या गोष्टी.

दीर ओटीवर बसून वाट बघत होते. "बगितली का?"

"न्हाय," हे म्हणाले. "आनि आमी जानार पन न्हाय."

दीर दोन महिने यांच्याशी बोलले नाहीत. मग स्वतः जीप करून गेले, शेड ठरवली आणि सहा माग घेऊन जाऊबाईंसह तिकडे राहायला गेले. उरलेले सहा आमच्याकडे राहिले. पुढे तेही परवडेनासे झाले, तेव्हा यांनी ते भंगारात दिले आणि कारखाना एकाला गोडाऊनसाठी भाड्याने दिला. मागांची खडखड थांबली त्या रात्री हे घोरत पडले होते आणि मला झोप आली नाही.

जाऊबाई गणपतीला येत. मी त्यांना एकदा विचारलं, तिकडे भिवंडीची अशी अशी एक बाई दिसली का? त्या म्हणाल्या, "भिवंडीच्या तिकडं लई हायेत गं. पन कोन कोनाकडं जातंय?"