ओटीतली लिंबं
जाड सालीच्या लिंबांचा वास आला की ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावाबाहेरचं ते घर आठवतं. पुढे लाकडी व्हरांडा, मागे दूरपर्यंत ज्वारी. घर बघायला गेलो तेव्हा आम्ही नवरा-बायकोने सवयीने चपला दाराबाहेर काढल्या, तर घरमालकीण, एकटी राहणारी म्हातारी, हरखलीच. परसात नेऊन तिने झाडाची लिंबं तोडली आणि पिशवी नव्हती म्हणून माझ्या ओढणीत टाकली. “या घराला तुमच्यासारखेच लोक हवेत,” म्हणाली. मला वाटलं, बाईने ओटीच भरली, घर आपलं झालं. तिने मागितलेली किंमत आम्ही कबूल केली, आणि घरी येऊन मी त्या लिंबांचं लोणचं घातलं. गृहप्रवेशाला पहिली वाटी तिलाच द्यायची म्हणून. आठवड्याने एजंटचा फोन आला. “सॉरी मेट, तिने इथल्याच एका कुटुंबाला दिलं. थोडं कमीत दिलं, पण शेजाऱ्यांना बरं वाटेल म्हणाली.” नवऱ्याने उन्हातली बरणी उचलून आत ठेवली. आता टूवूंबा गावातच आमचं स्वतःचं घर आहे, मागे लिंबाचं झाडही आहे. कुंपणापलीकडची बाई, इथलीच, अधूनमधून म्हणते, “यंदा खूपच लागलीत ना!” मी गोड हसते, आणि पडलेली लिंबं तिच्यादेखत कुजू देते.