मिसेस गोह यांच्यासाठी कागद जाळताना

मिसेस गोह गेल्या आणि मला पंधरा दिवस पत्ताच नव्हता.

कळवणार तरी कोण? आमची मैत्री आहे हे आम्हा दोघींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. चार महिने समुद्रावर, दोन महिने घरी. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. सिंगापुरात, यिशुनच्या फ्लॅटमध्ये मी एकटी.

दिवसभरात बोलणं व्हायचं ते सुपरमार्केटच्या कॅशिअरशी.
"बॅग?"
"नो, थँक यू."
संपलं.

म्हणून कॉलेजात नाव घातलं. फिलॉसॉफीचा पार्ट-टाइम कोर्स, दर शनिवारी दुपारी. पहिला विषय, जगातले धर्म. वाटलं, यातला निम्मा तर आपल्याला घरबसल्या येतो. कसलं काय!

वर्गात सगळी विशी-पंचविशीची पोरं. मी बेचाळीस, मिसेस गोह अडुसष्ट. सरांनी जोड्या लावायला सांगितल्या तेव्हा आम्ही दोघीच उरलो.

असाइनमेंट अशी, की जोडीदाराच्या घरात मृतांसाठी काय करतात ते विचारायचं आणि त्यावर निबंध लिहायचा.

मी त्यांना पितृपक्ष सांगितला. पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची.

"क्रो डोन्ट कम, हाउ?"

मग दर्भाचा, म्हणजे गवताचा, कावळा करून त्यालाच शिवायला लावतात, मी म्हटलं.

"वाऽ! गॉट प्लॅन बी!"

त्या इतक्या हसल्या, की लायब्ररीतली मुलगी उठून आली. मीही हसले. इतक्या मोठ्याने मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

त्यानंतर दर शनिवारी वर्ग, मग हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी, मग एकाच MRTने, म्हणजे मेट्रोने, परत. बिशानला त्या उतरायच्या. पुढची स्टेशनं मला फार लांब वाटायची.

गेल्या वर्षी चिनी सातव्या महिन्यात, म्हणजे त्यांच्या पितृपक्षातच म्हणा, त्यांनी मला घरी बोलावलं. बिल्डिंगखाली पत्र्याचं मोठं पिंप होतं. त्यात मिसेस गोह वारलेल्या नवऱ्यासाठी कागदी नोटा, कागदी कपडे जाळत होत्या. प्रत्येक पुडक्यावर त्याचं नाव लिहिलेलं.

"नो नेम, अदर पीपल टेक," त्या म्हणाल्या.

मी वहीत टिपून घेतलं. निबंधासाठी.

मग आगीकडे बघत म्हणाल्या, "माय सन गुड बॉय. पण तो चर्चमध्ये जातो. तो जाळणार नाही. रागाने नाही गं, त्याच्या धर्मात बसत नाही."

थोड्या वेळाने, अगदी सहज, "आय डाय, यू बर्न फॉर मी. कॅन?"

आणि मी काय केलं? आपण जे करतो तेच.

"छे छे, असं अभद्र बोलू नका! शंभर वर्षं जगाल तुम्ही!"

आपल्याकडे मरणाचा विषय निघाला, की आपण आधी समोरच्याचं तोंड बंद करतो आणि त्याला माया म्हणतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ओके लाह," म्हणाल्या आणि काठीने राख सारखी केली. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

त्यांना फक्त हो हवं होतं. माझ्या तोंडून ते एक अक्षर निघालं नाही.

या जूनमध्ये मी पुण्याला गेले. परत आल्यावर त्यांना फोन केला. मुलाने उचलला.

"मम पास्ड ऑन, आंटी. टू वीक्स ऑलरेडी. सॉरी हां, कोणाकोणाला कळवायचं ते मला माहीत नव्हतं."

त्यांच्यासाठी आणलेली बाकरवडी मी त्या आठवड्यात एकटीने संपवली. रडत रडत, हे लिहायला लाज वाटत नाही.

काल सातवा महिना लागला. आज आमच्या बिल्डिंगजवळच्या दुकानात गेले, कागद घेतले. दुकानदार काकांनी पेन पुढे केलं. नाव लिहा.

मी लिहिलं, Mrs Goh.

काका हसले. "गोह तर नवऱ्याचं. आमच्यात बायका माहेरचंच आडनाव ठेवतात. तिचं स्वतःचं नाव काय?"

मी पेन खाली ठेवलं.

मला वाटत होतं, आपल्यासारखंच असणार. लग्न झालं, नाव बदललं. वर्गात सगळे मिसेस गोहच म्हणायचे. हजेरीच्या कागदावर त्या चिनीत सही करायच्या, ती मला कधी वाचता आली नाही.

या बाईच्या घरातल्या विधींवर मी वीस पानं लिहिली होती. A मिळाला होता. तिचं नाव एकदाही विचारलं नव्हतं.

दुकानाबाहेर येऊन मुलाला फोन लावला. कशासाठी हवंय ते खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आंटी, वी डोन्ट डू दॅट."

"माहितीये," मी म्हटलं. "मी करते."

फोन बंद झाला. वाटलं, दुखावला बिचारा.

दहा मिनिटांनी मेसेज आला. तीन चिनी अक्षरं. खाली इंग्रजीत, तान सिऊ लान. आणि त्याखाली, "थँक यू, आंटी."

ती अक्षरं मी मोबाइलवर मोठी करून एकेक रेघ बघत उतरवली. काकांनी तपासली. एक रेघ चुकली होती. दुसरा कागद दिला, पुन्हा लिहायला लावलं.

मग आमच्या बिल्डिंगखालच्या पिंपात सगळं जाळलं. शेजारी उभ्या आजींनी विचारलं, "युअर मदर?"

"क्लासमेट," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

सिऊ लान मावशी, उत्तर द्यायला वर्ष लागलं. माझा नमस्कार घ्या.