सरांच्या शीटवरची चिठ्ठी

वाळवलेलं रोप चिकटवलेल्या शीटवरचं जुनं लेबल कधी फाडायचं नाही, हा आमच्या वनस्पतिशास्त्रातला नियम. आधीच्याने चूक केली असेल तर शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, त्यावर रोपाचं खरं नाव आणि ते ओळखणाऱ्याचं नाव. चूक आणि दुरुस्ती दोघी मग कायमच्या शेजारी नांदतात.

आमच्या कल्याणच्या कॉलेजात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांवर प्रदर्शन मांडायचं ठरलं. जहाजांतून फिरलेल्या गोऱ्या साहेबांच्या तसबिरी लागल्या, आपल्याकडच्या थोरांच्या लागल्या, आणि मानाची जागा ठेवली माझ्या सरांच्या शीटला. ठाण्याच्या खाडीतल्या खारफुटीतली एक दुर्मिळ तिवर त्यांनी तरुणपणी पहिल्यांदा नोंदवली होती. त्या नोंदीवरच त्यांचं नाव झालं.

शीट काढली आणि माझं डोकंच फिरलं. पान टोकदार, खालून पांढुरकं, फूल मसुराएवढं. ही तर चिखलात कुठेही दिसणारी साधी तिवर! भिंग पुसून पुन्हा पाहिलं, पण मला खात्री होती. बाकीचे प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, सोडा ना. सर पंच्याऐंशीचे आहेत." असला कळवळा मला मुळीच खपत नाही. ज्यांनी मला बघायला शिकवलं, त्यांच्याच शीटकडे काणाडोळा करायचा? चिठ्ठी तयार केली, माझं नाव ठळक लिहिलं आणि शीट पुठ्ठ्यात बांधून डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले. 

सरांनी भिंग लावलं. पानापासून फुलापर्यंत सगळं पाहिलं. मग म्हणाले, "साधीच आहे गं. ही तोडली त्याच दिवशी मला सांगितलं होतं."

"कोणी?"

"होडी वल्हवणारी कोळीण होती. म्हणाली, 'सायब, ही त आमची रोजचीच तिवर हाय.' मी हसलो. म्हटलं, हिला काय कळतंय."

"तिचं नाव काय होतं, सर?"

 त्यांनी माझी चिठ्ठी बाजूला सारून कोरी मागितली आणि लिहिलं: 'साधी तिवर. ओळखणारी, होडीवाली कोळीण. नाव मी विचारलं नाही.' खाली सही केली.

ती चिठ्ठी मीच चिकटवली. माझं नाव गेलं म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग डिंक वाळेपर्यंत बसून आठवत राहिले. वीस वर्षं मलाही अशाच बायका खाडीत घेऊन जातायत. मला एकीचंही नाव आठवेना.