गॅलरीच्या सहा गोण्या

तुम्ही दोघं नातवंडं सुट्टीत येता तेव्हा झोपायला वेगळी खोली हवी, म्हणून अंबडच्या आपल्या घरावर आम्ही एक मजला चढवला. त्याच्या स्लॅबला किती काँक्रीट लागेल, याचा हिशोब मीच केला होता. लांबी, रुंदी, पाच इंच जाडी, बीम वेगळे. पाणी घातल्यावर माल दबून कमी भरतो, म्हणून कोरडा माल दीडपट धरायचा, तोही धरला. वर सिमेंटच्या दोन गोण्या जास्तीच्या.

स्लॅबच्या दिवशी नारळ फोडून मिक्सर सुरू झाला. मी गोण्यांच्या थप्पीजवळ खुर्ची टाकून बसले. दुपारी वर जाऊन पाहिलं, तर रस्त्याकडच्या बाजूला अजून नुसत्या सळया, आणि थप्पी संपत आलेली. पुन्हा आकडे मांडले. चूक सापडेना. स्लॅब सलग भरला नाही तर मध्ये सांधा राहतो आणि तिथून पाणी झिरपतं. त्याच्याच खाली तुमच्या गाद्या येणार होत्या.

मिस्त्री जवळ आला. "बाई, गॅलरीला माल पुरत न्हाई."

"कुठली गॅलरी?"

त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबा मिक्सरकडे बघत राहिले.

सेंट्रिंगच्या वेळी, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावताना, आजोबांनी स्लॅब रस्त्याच्या बाजूला बाहेर काढायला सांगितला होता. टेप न लावता, हात पसरून, इथपर्यंत म्हणून. नातवंडांना उभं राहायला. मला कळवलं नाही, कारण मी नको म्हणाले असते. म्हणालेच असते.

दुकानात माल संध्याकाळी येणार होता, तोवर भरलेली कड घट्ट झाली असती. मिस्त्री म्हणाला, राहिलेल्या भागात सिमेंट जरा कमी टाकू, वरून काय कळतंय. आजोबांनी जाडी कमी करायचं सुचवलं. अधांतरी गॅलरीला यातलं काहीही चालणार नाही, असं मी दोघांना सांगितलं, ओल्या कडेवर भिजवलेलं गोणपाट टाकायला लावलं आणि समोरच्या घरी गेले. तिथे प्लास्टरचं काम चालू होतं. घरच्या भाभींनी सगळं ऐकून घेतलं.

"घेऊन जा ना. आमच्या भिंती कुठं पळून चालल्या? पण भाईसाहेबांना एक टेप घेऊन द्या."

सहा गोण्या आल्या. मिस्त्रीने गोणपाट उचलून कडेत थापी खुपसली. थापी सहज आत गेली.

"ओलं हाय अजून. चालू करा," तो खाली ओरडला.

पुढे स्लॅबवर मातीचे बांध घालून आळी केली आणि पाणी साठवलं. सेंट्रिंग निघालं तेव्हा मी टॉर्च घेऊन सगळं छत तपासलं. ओलाव्याची रेघ कुठेच नव्हती. मग टेप लावून गॅलरी मोजली. एका टोकाला चार फूट, दुसऱ्या टोकाला साडेतीन. तिथवर आजोबांचे हात दमले असावेत.

आता कठडाही झाला आहे. तुम्ही रुंद टोकाला उभं राहायचं. अरुंद टोक आजोबांना दिलं आहे.