ढब्बू पैशांची मोड

जुना बंब मोडीत द्यायला मी भांड्यांच्या दुकानात गेले होते. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, सोबत त्यांची म्हातारी आई. गृहस्थांनी पिशवीतले तांब्याचे ढब्बू पैसे काउंटरवर ओतले. दर लक्ष्मीपूजनाला लावलेलं कुंकू त्यांच्यावर थराथरांनी वाळलं होतं.

दुकानदारानं तारेचा ब्रश उचलला. "कुंकवाचे पैसे मी कशाला देऊ?" म्हणत तो पैसे खरवडू लागला. कुंकू उडालं आणि खालून इंग्रज राजाचा चेहरा निघाला. मला त्याची मुळीच दया आली नाही. ज्याच्या नावावर बाजार चालायचा, तो आता किलोच्या भावानं चालला होता. इतक्या वर्षांच्या पूजेला तर वजनच नव्हतं. चलनातून गेलेल्या प्रत्येकाला शेवटी असंच घासून तोलतात, घरोघरी तोलतात.

पैसे पारड्यात पडले. म्हातारी पुढे झाली आणि निजलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा तिनं त्यांच्यावर हात ठेवला.

"आई, हात काढ," मुलगा वैतागला, "वजन चुकतंय."

तिनं हात काढला. काट्याची सुई जागची हललीसुद्धा नाही.