एका शिंगाचा पोळा

डॉ. दामिनी हेडाऊ कुठेही गेल्या की बोटानं ठोकून बघतात. बाजारात टरबुजं, मनीषनगरच्या फ्लॅटच्या भिंती आणि खेड्यात बैलांची शिंगं. टरबूजवाला वैतागतो, बैल मात्र मुकाट उभे राहतात. निरोगी शिंग पोकळ वाजतं. आत कर्करोग वाढत असला की आवाज ठस्स येतो आणि बाईंचा चेहरा उतरतो.

बाई विणकराच्या घरच्या. दारात माग होता, बैल कधीच नव्हता. परदेशात जाऊन त्यांनी मेंढ्यांच्या मेंदूची चाळणी करणाऱ्या प्रिऑन रोगावर डॉक्टरेट मिळवली. तेव्हा आई म्हणाली होती, "ज्या बिमारीचं इथं कोनी नाव नाई आयकलं, तिच्यापायी येवढी शिकून राहिली. मंग इथल्या ढोरायले कोन पाहन वं?" बाईंना राग आला, पण परतल्यावर त्यांनी बैलांच्या शिंगाचा कर्करोगच धरला. आई ते अजून मिरवते.

शेतकरी बैल दाखवायला आणत तेच मुळी शिंग लोंबायला लागल्यावर. तोवर रोग कपाळात शिरलेला असे. शिंग दिसायला धड असतानाच रोग पकडायचा, हे बाईंचं संशोधन. आणि सगळी पंचाईतही तिथंच. धड दिसणारं शिंग कोण कापू देणार?

पारशिवनीजवळच्या नानाजींनी तर साफ नकार दिला. त्यांचा चितऱ्या नांगर ओढताना सारखी मान झटकत होता. बाईंनी ठोकून पाहिलं, शिंगाच्या बुडाशी सुई घालून नमुना नेला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि धावत परत आल्या. कर्करोगच होता. लगेच शिंग काढलं तर चितऱ्या वाचण्यासारखा होता.

"पोळा होऊ द्या, मंग कापा," नानाजी म्हणाले.

"पोळा महिन्यावर आहे, नानाजी. तवरिक लय उशीर होईल."

"तुमचं काय जाते? पोळ्यात तोरनाखाली पयली जोडी माही राहते. एकशिंगी बैल पाह्यला का विश्वनाथ झडती म्हनन. मंग सालभर गावातले पोट्टे तेच गात राहतीन!"

आता खरं दुखणं कळलं. बैल तोरणाखाली जमले की गावकरी एकमेकांची टर उडवणारी कवनं म्हणतात, त्या झडत्या. विश्वनाथ त्यातला पट्टीचा. सरपंचाच्या नव्या मोटारीवर त्यानं रचलेली झडती अजून पानठेल्यावर ऐकू येते. नानाजी कर्करोगाला भीत नव्हते, विश्वनाथला भीत होते.

बाईंनी होतं नव्हतं ते सगळं शास्त्र ओतलं, मोबाईलवर फोटो दाखवले. नानाजी ढिम्म. शेवटी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली त्यांची बायको, मैनाबाई, कडाडली.

"अवो, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हनता, ते बैलाले म्हनता का त्याच्या शिंगाले? पाव्हनाच मेला तं पुरनपोळी कोनाले चारान?"

नानाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "घ्या कापून," ते म्हणाले.

गुंगीचं इंजेक्शन देऊन शिंग काढलं. बाईंनी ते अंगणातच उभं चिरून दाखवलं. वरून चकचकीत, आत फुलकोबीसारखा मांसाचा गड्डा. नानाजी चितऱ्याच्या गळ्यात हात टाकून रडले. बाईही रडल्या, ते त्यांना कधीच लपवता आलेलं नाही.

पोळ्याला बाई मुद्दाम गेल्या. चितऱ्या तोरणाखाली उभा होता. एका शिंगाला बेगड, दुसऱ्या बाजूला मैनाबाईनं शिवलेली लाल मखमली टोपी. लोक आधीच खिदळत होते. विश्वनाथ घसा खाकरून पुढं आला, तोच नानाजी ओरडले, "थांब गा! माह्या बैलाची झडती मीच म्हनतो."

"शिंग वरून दिसे सोनं,
आत कोबी लावली कोनं?
शिंग देल्लं, बैल राखला,
हासते त्यानं आपला ठोकला?
हर हर महादेव!"

एकच हशा पिकला. विश्वनाथही हसला, पण त्याचा हात आपल्या बैलाच्या शिंगाकडं गेला. त्यानं ठोकलं, कान लावला, पण कळेना काहीच. स्वतःची झडती तो विसरूनच गेला.

"म्याडम, जरा पाहून द्या ना जी."

बाईंनी ठोकलं. शिंग छान पोकळ वाजलं. विश्वनाथनं हुश्श केलं. बाई वळून पाहतात तर मागं बैल घेऊन अख्खं गाव रांगेत उभं. त्या ठोकत निघाल्या. तोरण तोडून पोळा फुटायची वेळ टळून गेली, पण कुणी कुरकुरलं नाही.

रांगेच्या शेवटी एका पांढऱ्या बैलाचं शिंग ठस्स वाजलं. बाईंचा चेहरा उतरला. आता समजावणं, विनवण्या, फोटो, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी तोंड उघडलं, पण मालकच आधी बोलला.

"उद्या सकाळीच कापता का जी?"